कमळाबाईंनी वकिलांची वरात तळ्यावर नेली

कमळाबाई मांढरेंच्या हाताला लागलेलं लग्न कधी फसलं नाही, असं चंद्रपुरात त्यांच्या वस्तीतलं कुणीही सांगेल. नवरी कुणाचीही असो, मांडवात आवाज कमळाबाईंचा. आचारी आला की नाही, वरमाईची खुर्ची उन्हात तर पडली नाही, गेल्या दिवाळीपासून अबोला धरलेल्या दोन मामांना कुठल्या कामाला जुंपायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात तयार असे. अंगानं ठसठशीत, पदर कमरेला खोचलेला, चालणं भरभर. त्या एकाशी बोलत असल्या तरी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याला वाटे, आपल्यालाच रागावताहेत.

लग्नं ही हौस. पोटापाण्याचं काम वेगळं. कोर्टाजवळच्या गल्लीत वकील देवाजी पिंपळशेंडे यांचं ऑफिस आहे, तिथं कमळाबाई तरुणपणापासून काम करत आल्या. त्यांचं माहेर पोंभुर्ण्याच्या पुढचं, तळ्याकाठचं गाव. वडील जाळं टाकायचे, थोडं धानही पेरायचे. मॅट्रिकनंतर कमळा आत्याकडे चंद्रपूरला आली, टायपिंग शिकली आणि देवाजीभाऊंच्या ऑफिसात मशीनपुढे बसली. पहिल्याच दाव्यात तिनं ‘वादीचे म्हणणे’ऐवजी सगळीकडे ‘वेडीचे म्हणणे’ छापलं. वादी बाईच होती. कमळा घाबरून दाराशी उभी राहिली. देवाजीभाऊंनी कागद वाचला, पक्षकाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “तसं तुमचं फार चुकलं नाई, पण दुरुस्त करून आणा.”

तेव्हापासून कमळाबाई तिथल्याच झाल्या. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला. एका टेबलाची चार झाली. देवाजीभाऊंचा ज्युनियर म्हणून आलेला अजय बल्की भागीदार झाला, मागून दिव्यानी गौरकारही झाली. दारावर ‘पिंपळशेंडे आणि सहकारी’ अशी पाटी लागली. कुणाची तारीख कधी, कोणता पक्षकार कुणाला घाबरतो, दिव्यानीला डोकं दुखायला लागलं की चहा लागतो आणि अजयला नाही, हे सगळं कमळाबाईंकडे.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्या ऑफिसात एक अवघड काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. दिव्यानीकडे खाणीसाठी जमीन जाणाऱ्या काही शेतकऱ्यांची केस होती. नेमका त्याच खाणीचा एक ठेकेदार अजयकडे आला आणि अजयनं त्याची फाइल ठेवून घेतली. त्याला माहीत नव्हतं. कळल्यावर त्यानं ती परतही केली. पण तोवर दिव्यानी जे बोलायचं ते बोलली होती आणि अजयनंही काही कमी ठेवलं नव्हतं. मग दोघांचं बोलणं बंद झालं. मध्ये प्लायवूडची एक भिंत, तीही वरून उघडी. तरी अजय म्हणायचा, “कमळाबाई, मॅडमले सांगा, उद्या माही नागपूरची तारीख हाये.” भिंतीपलीकडून दिव्यानी म्हणायची, “बाई, सरले सांगा, मले ऐकू आलं.”

कमळाबाई दोन्हीकडे पाहून मान हलवायच्या. घरी आल्यावर नवऱ्याला सांगायच्या, “दोन शिकलेल्या माणसाईच्या मधात मी टेलिफोनची तार झाली, बाप्पा.”

दिवाळी उलटली आणि एका सकाळी देवाजीभाऊंनी त्यांना आत बोलावलं. भाऊ सत्तरीकडे झुकलेले, केस पांढरेशुभ्र, आवाज अजून कोर्टाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पण त्या दिवशी हळूच बोलले.

“कमळाबाई, अजय म्हणते आपल्या ऑफिसची एक स्ट्रॅटेजिक रिट्रीट कराची. सगळे मिळून दोन दिवस बाहेर. मलेही वाटते, कराव. तुमी पाहा सगळं.”

“पाहतो भाऊ,” कमळाबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, काय पाहायचं ते आपल्याला कळलंच नाही. पण एवढ्या वर्षांत भाऊंना ‘म्हणजे काय’ असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता काय विचारायचं?

त्यांचा नवरा इतवारी मासोळी बाजारात बसायचा. मऊ बोलणारा, पोटात काही न राहणारा माणूस. संध्याकाळी त्यानं मोबाईलला विचारून पाहिलं. मोबाईलनं शुद्ध मराठीत सांगितलं: धोरणात्मक माघार.

“माघार?” कमळाबाईंच्या हातातली परात तशीच राहिली. “कायची माघार? कोन्या केसमधून?”

“केसमधून नाई वाटत. सगळं ऑफिसच माघार घेऊन राह्यलं असंन,” इतवारी म्हणाला. “लढाईत करते ना फौज, तसं. हळूहळू मांगं सरकाचं.”

कमळाबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी ऑफिसात पाय ठेवला तशा त्या सरळ भाऊंच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “भाऊ, आपण ऑफिस बंद करून राह्यलो का? मले सांगा. मी काही रडणार नाई.” आणि डोळे भरून आले.

भाऊंना आधी कळेना. कळल्यावर अजयला बोलावलं. अजय एवढा हसला की भिंतीपलीकडे दिव्यानीही हसायला लागली, फक्त लगेच थांबली. त्यानं समजावून सांगितलं: दोन दिवस रोजचं काम सोडून दूर बसायचं, पुढच्या काही वर्षांत ऑफिसनं कोणतं काम करायचं, कोणतं नाही, कुठं जायचं, ते शांतपणे ठरवायचं. कमळाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याही हसल्या. एकटे देवाजीभाऊ काही तितके हसले नाहीत. ते खिडकीबाहेर पाहत होते.

गोष्ट इथंच संपली असती, पण इतवारीनं तोवर ती बाजारात सांगितली होती. मासोळी बाजारातून भाजी बाजारात, तिथून बसस्टँडवर, आणि बसस्टँडवरून कोणत्या गाड्या कुठं जातात ते काय सांगायचं. तिसऱ्या दिवशी गल्लीत माणसंच माणसं. सगळ्यात पुढे जिवतीच्या डोंगरातला बिरजू, धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस किती काळ लढत असलेला, डोक्याला मफलर गुंडाळून.

“वकीलसाहेब, माहे कागदं वापस द्या, बाप्पा. तुमी माघार घेऊन राह्यले म्हणते. मी आता नवीन वकील कुठी पाहू?”

मागून दुसरा ओरडला, “साहेबाची तब्येत बरी नाई म्हणते!” एका बाईनं तर देवाजीभाऊंसाठी घरचा लिंबू-अंगारा आणला होता.

कमळाबाई ओट्यावर चढल्या आणि मांडवात पंगत बसवावी तसं एकेकाला शांत केलं. “कोणी माघार घेऊन नाई राह्यलं! वकील दोन दिवस गावाले जाऊन राह्यले. गावाले जात नाई का तुमी?” आणि कोपऱ्यात चोरासारख्या उभ्या असलेल्या इतवारीकडे त्यांनी असं काही पाहिलं की तो आल्या वाटेनं बाजारात निघून गेला. देवाजीभाऊंनी सगळ्यांना आत बसवलं, चहा पाजला, बिरजूच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या धुऱ्याची चौकशी केली. लोक खुश होऊन परतले. भाऊ मात्र तो अंगारा टेबलावर ठेवून दिवसभर त्याच्याकडेच पाहत बसले.

आता कमळाबाई कामाला लागल्या. आधी कुणाला काय हवं ते विचारून घ्यायचं, हा त्यांचा लग्नातला नेम. अजय म्हणाला, “मले प्रोजेक्टर पाहिजे, एवढंच. मी सगळा आराखडा करून ठेवला.” दिव्यानी म्हणाली, “मले एवढंच पाहिजे, बाई, का दोन दिवस एकच माणूस बोलत नाई राहाव.” ज्युनियर पोरांपैकी एकाला स्वतःचं टेबल हवं होतं, एकीला सिनियरनं फोन बंद ठेवायला हवा होता.

“पण ताई,” कमळाबाईंनी दिव्यानीला विचारलं, “या कार्यात नवरी कोण समजाची?”

“ऑफिस,” ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, “आणि बाई, नवरीकडून कोण आणि नवरदेवाकडून कोण, तेच तर आम्हाले समजून नाई राह्यलं.”

अजयच्या आग्रहाखातर कमळाबाई वाघाच्या जंगलाजवळचं एक रिसॉर्ट पाहून आल्या. छान होतं. गवताची छपरं, निळा पोहण्याचा हौद. तिथला मॅनेजर गळ्यात शिट्टी अडकवून हिंडत होता. त्यानं सांगितलं, आमच्याकडे ऑफिसवाल्यांसाठी खेळ असतात. रस्सीखेच असते. आणि एक विश्वासाचा खेळ: एकानं डोळे मिटून मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं.

कमळाबाईंच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. देवाजीभाऊ डोळे मिटून मागे पडताहेत. अजय म्हणतोय, कमळाबाई, मॅडमले सांगा झेलाले. आणि दिव्यानी म्हणतेय, सरले सांगा, मले ऐकू आलं. त्या उठल्याच. “आमच्या भाऊची कंबर अगोदरच धरते,” त्या म्हणाल्या, “इथी नाई जमत.”

परतीच्या बसमध्ये त्यांना माहेर आठवलं. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच, मच्छीमार सोसायटीची इमारत आहे, दोन मोठ्या खोल्या, पुढे लांब ओसरी. धान निघून गेलेलं, हवा गार, तळं भरलेलं. स्वयंपाकाला वहिनी ताराबाई. मोबाईलची रेंज पाळीच्या एकाच टोकाला येते, तेही बाभळीला टेकून उभं राहिलं तर. शांतपणे बसायचं म्हणजे अजून काय पाहिजे?

अजय कुरकुरला. पण देवाजीभाऊ म्हणाले, “तळ्यावर? जाऊ ना.” त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. मग कोर्टाच्या सुट्टीचा शनिवार पकडला, सगळ्यांच्या तारखा जुळवल्या आणि लग्नात जसं करतात तसंच कमळाबाईंनी केलं: अजय आणि दिव्यानीला एकाच जीपमध्ये बसवलं, आणि दोघांच्या मांडीवर ताराबाईसाठी घेतलेलं काचेचं एकेक भांडं दिलं. “सांभाळून न्या हो दोघं, रस्ता खराब हाये.” दोघांनी भांडी सांभाळली. बोलले मात्र नाहीत.

गावात पोचल्यावर पहिला फटका बसला. अजयनं पडदा लावला, प्रोजेक्टर जोडला, ‘आपलं पुढचं पाऊल’ असं मोठ्या अक्षरात पडद्यावर उमटलं आणि लाइन गेली. ताराबाई चुलीपासूनच म्हणाली, “आता काई येत नाई ती. शनिवारी दुरुस्ती राहते.” अजयचा चेहरा पाहून कमळाबाईंना फार वाईट वाटलं. पोरानं आठ-पंधरा दिवस खपून केलं होतं. लाइनीचं त्यांनी आधीच विचारून घ्यायला पाहिजे होतं. मांडवात जनरेटर सांगायला त्या कधी विसरल्या नव्हत्या, आणि इथं विसरल्या.

“माही चूक झाली, अजयभाऊ,” त्या म्हणाल्या. “जेवा अगोदर. मग पाहू.”

जेवण मात्र असं होतं की कुणाला पडद्याची आठवण राहिली नाही. तांदळाचे गरम, धिरड्यासारखे आयते, मरळ माशाचा रस्सा, ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी. देवाजीभाऊंनी आयते मोजणं सोडून दिलं. ज्युनियर पोरं तर ताराबाईच्या चुलीपाशीच जाऊन बसली.

दुपारी इतवारीनं डोंगा काढला. पापक्षालनासाठी तोही आला होता. सगळ्यांना तळं दाखवतो म्हणाला. पोरं एका डोंग्यात गेली. दुसऱ्यात देवाजीभाऊ, अजय आणि दिव्यानी बसणार होते, पण भाऊंनी एक पाय आत टाकला, कंबर धरली आणि पाय परत घेतला. “तुमी जा. मी इथी बसतो.” आता अजयला उतरता येईना आणि दिव्यानीलाही येईना. उतरणारा हरला असं झालं असतं. दोघं दोन टोकांना तोंड फिरवून बसले आणि इतवारी मधे बांबू घेऊन उभा राहिला.

कमळाबाई पाळीवर भाऊंजवळ चहा घेऊन आल्या. डोंगा तळ्याच्या मध्यावर गेला, शिंगाड्याच्या वेलीत शिरला आणि थांबला. इतवारी बांबू ओढतोय, ओढतोय, बांबू काही गाळातून निघेना. शेवटी तो निघाला नाही, इतवारीचाच हात सुटला. बांबू तळ्यात उभा राहिला आणि डोंगा हळूच दूर सरकला.

“आई गं!” कमळाबाई उठून उभ्या राहिल्या. “दोघाईलेही पोहता येत नाई!”

“बसा,” देवाजीभाऊ म्हणाले. “पाणी कंबरेएवढं हाये तिथी. मी मघा इतवारीले विचारलं.”

त्या बसल्या. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. आधी इतवारीचं “घाबरू नका, मॅडम, दुसरा डोंगा येऊन राह्यला” ऐकू आलं. मग एकदम अजय:

“मी फाइल वापस केली होती ना!”

“केली! पण घ्यायच्या अगोदर विचारलं का मले? काऊन नाई विचारलं?”

“तू विचारू देतेस का? माह्या कोणत्याही कामाले तुही भुवई वरच राहते!”

“वर राहीन नाई तर का! तू नागपूरले चालला, सगळं घेऊन चालला, आणि मले तुह्या ज्युनियरकडून कळते!”

“मी कुठी चाललो? दोन दिवसाचं काम हाये हायकोर्टात. तुलेच तर भाऊ ऑफिस देऊन राह्यले.”

“मले? मले कोण म्हणालं?”

पाळीवर कमळाबाईंनी कप खाली ठेवला. किती महिन्यांनी ही दोघं मधे तार न ठेवता बोलत होती! भांडत होती, पण थेट भांडत होती. भांडणाला तोंड लागलं की समेटालाही लागतं, हे त्यांनी कितीदा पाहिलेलं. इतवारी मधोमध खाली डोकं घालून बसला होता आणि शिंगाडे सोलत होता.

त्यांनी हसून भाऊंकडे पाहिलं. भाऊ हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“कमळाबाई,” ते म्हणाले, “त्या दिवशी तुमी विचारलं ना, ऑफिस माघार घेऊन राह्यलं का म्हणून. ऑफिस नाई. मी घेऊन राह्यलो.”

“म्हणजे?”

“मले थांबाचं हाये. कोर्टात उभं राह्यलं का पाय भरून येते. मधातच नाव आठवत नाई. मागल्या महिन्यात जज साहेबांपुढं बिरजूचं नाव विसरलो मी. बिरजूचं!” ते तळ्याकडे पाहत राहिले. “रिट्रीटचं म्हणून अजयनं म्हटलं, तर मी म्हटलं चांगलं हाये, तिथीच सांगून टाकू. पण लोक जमले गल्लीत, अंगारा घेऊन. माही हिंमतच नाई झाली.”

कमळाबाईंना सगळं एकदम आठवलं: पहिला कागद, ती गल्ली, त्यांना मुलगी झाली तेव्हा भाऊंनी घरी पाठवलेले रव्याचे लाडू. भाऊ नाहीत असं ऑफिस त्यांनी कधी डोळ्यांपुढे आणलंच नव्हतं. आणि आपलं काय, हाही विचार मनात आला. तो त्यांनी बाजूला सारला.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमी नाई सांगतलं, म्हणून तर हे दोघं तळ्यात भांडून राह्यले. तुमच्या मनात काही हाये ते त्याईले दिसते, काय हाये ते समजत नाई. मंग जो तो आपल्या मनानं लावते. पोरीच्या बापानं मांडवात उभं राहून बोलाव लागते, भाऊ. वाजंत्रीवाला नाई बोलत त्याच्या बदल्यात.”

“तुमी राहान ना त्या टाइमाले? आत?”

“मी कुठी जाऊन राह्यली?”

दुसरा डोंगा पोचला, बांबूही निघाला. अजय आणि दिव्यानी किनाऱ्याला लागले तेव्हा दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते आणि दोघांचंही तोंड शिंगाड्यांनी भरलेलं होतं. इतवारीनं उतरता उतरता कमळाबाईंच्या कानाशी येऊन सांगितलं, “देवाशप्पथ, बांबू खरंच फसला.” त्यांनी विश्वास ठेवला की नाही, ते अजून त्या सांगत नाहीत.

ऊन कलायच्या आधी सगळे ओसरीवर बसले. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. कमळाबाई सवयीनं दाराशी उभ्या राहिल्या. देवाजीभाऊ उठले, कोर्टात उठतात तसे, दोन्ही हातांनी कोटाची जागा चाचपून, आणि कोट नाही हे लक्षात आल्यावर जरा हसले. मग त्यांनी सांगितलं. जे पाळीवर सांगितलं तेच, फक्त जरा सरळ आवाजात.

एक ज्युनियर मुलगी रडायला लागली. अजयनं मान खाली घातली होती.

“भाऊ,” तो म्हणाला, “मले वाटत होतं तुमी ऑफिस दिव्यानीच्या नावावर करून राह्यले. म्हणून मी नागपूरकडे पाहू लागलो.”

“मले वाटलं, अजयच्या,” दिव्यानी म्हणाली.

“कोणाच्याच नाई,” देवाजीभाऊ म्हणाले. “ऑफिस का पाटाचं पाणी हाये, एकाच धानाच्या बांदीत सोडाले? दोघाईनं वाटून घ्या, पण भांडून नका घेऊ. माह्यासमोर बोला. आज मी ऐकतो, तुमी बोला.”

आणि ते बोलले. अजयचा आराखडा शेवटी पडद्यावर नाही, तोंडानेच आला. त्यामुळं मधे मधे लोकांना विचारताही आलं. नागपूरच्या हायकोर्टाचं काम अजयनं धरायचं, पण घर चंद्रपूरच. खाणीकडून कुणी आलं तर आधी दिव्यानीला विचारायचं आणि तिच्याकडे कुणी आलं तर अजयला. मग कोणती बाजू घ्यायची ते दोघांनी मिळून ठरवायचं, आणि जमलं नाही तर दोन्ही सोडायच्या. दिव्यानीच्या मनात किती दिवसांपासून एक होतं, ते तिनं घाबरत घाबरत सांगितलं. तिकडे दूर अहेरीकडून लोक वकील गाठायला चंद्रपूरपर्यंत येतात, एका भेटीसाठी दोन दिवस मोडतात. तिथं बाजाराच्या दिवशी एक खोली उघडायची. आठवड्यातून एकदा.

“चांगलं हाये,” अजय म्हणाला. “पण तिथी बसंन कोण? आपण तर कोर्टात राहू. खोली पाहणं, लोकाईले बसवणं, कोणाचं काय हाये ते समजून घेणं...”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कमळाबाई दाराची चौकट सोडून एक पाऊल पुढे आल्या. आजवर दुसऱ्यांची लग्नं लावली, दुसऱ्यांचे निरोप नेले, दुसऱ्यांचे दावे टाइप केले. काय पाहिजे असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. मघाशी भाऊंना जे बोलल्या ते स्वतःलाही लागू होतं की.

“मी बसतो,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. मग त्यांनी घसा साफ केला आणि मांडवातल्या आवाजात पुन्हा सांगितलं, “अहेरीचं ऑफिस मी लावतो!”

“एवढ्या दूर बसनं जान तुमी, बाई?” दिव्यानी म्हणाली.

“जाईन ना. मले बाजार आवडते.”

पहिल्यांदा हसले ते देवाजीभाऊ. मग सगळेच. दिव्यानी सरकली आणि सतरंजीवर आपल्या बाजूला हात आपटून म्हणाली, “मंग उभ्या काऊन? बसा इथी. हिशेबानं तुमी आता बैठकीत हाय.” कमळाबाई बसल्या. बसल्यावर त्यांना काही वेळ हातांचं काय करावं कळेना, कारण हातात ट्रे नव्हता. पुढच्या दिवसाचं बोलणं त्यांनी बसूनच ऐकलं आणि दोनदा मधे बोलल्या. एकदा तर अजयचं म्हणणंही खोडून काढलं. शेवटी चूक त्यांचीच निघाली, पण कुणी त्यांना गप्प बसा म्हणालं नाही.

अहेरीला खोली मिळायला संक्रांत उलटली. एका किराणा दुकानामागची, पण तिला मोठी खिडकी होती आणि समोर कडुलिंबाची सावली. दुकानदाराची सून आचल तिथं शिवणयंत्र चालवायची. मशीन तिनं एका कोपऱ्यात घेतलं आणि तिला गोंडी चांगली येत असल्यामुळं कमळाबाईंनी पहिल्याच भेटीत तिच्याशी दोस्ती करून टाकली.

पहिल्या बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत कुणीच आलं नाही. दिव्यानी तिथल्या कोर्टातून परतली तेव्हा खोलीत नवी टेबलं, कोरे कागद आणि रिकाम्या खुर्च्या. ती निराश होऊन पाणी पीत बसली.

“थांबा, ताई,” कमळाबाई म्हणाल्या, पदर खोचला आणि बाजारात शिरल्या. मिरच्यांच्या ढिगांतून, मोहाच्या टोपल्यांतून, बांबूच्या सुपांतून त्यांचा आवाज खिडकीपर्यंत ऐकू येत होता. “वकीलबाई आल्या हाये! किराणाच्या मांगं! कागद असंन तर घेऊन या, कागद नसंन तरी या!” थोड्या वेळानं त्या परतल्या, सोबत चार-पाच माणसं आणि एक म्हातारी. तिच्या डोक्यावर चिंचेची टोपली होती, ती तिनं टेबलावरच ठेवली. ती गोंडीत भराभर बोलायला लागली. आचलनं मशीन थांबवलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. दिव्यानीनं पेन उघडलं. वनजमिनीचा दावा होता, आणि दाव्याहून जास्त म्हातारीचा राग एका दिराबद्दल होता. तोही दिव्यानीनं नीट ऐकून घेतला.

काम संपेपर्यंत शेवटची बस यायची वेळ झाली. कमळाबाईंनी मधेच धावत जाऊन इतवारीसाठी सुकट घेतली आणि कागदांच्या पिशवीत वरच ठेवली.

“बाई, सगळ्या फाइलींले वास लागंन!” दिव्यानी ओरडली.

“लागू द्या,” कमळाबाई पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, “अजयभाऊले दूरूनच कळंन, अहेरीची फाइल हाये म्हणून.” दोघी हसत हसत बसकडे पळाल्या. कंडक्टरनं दार धरून ठेवलं होतं.